गढूळ पाण्याची पाळी

सेवेरो गुआकिंचाय एक्केचाळीस वर्षं त्या बागेत राबला, पण बागेच्या थोरल्या लोखंडी दरवाजातनं तो कधी आत गेला नव्हता. पाटकऱ्यांची वाट मागच्या अंगाला, अवजारांच्या खोलीशेजारून. पुढच्या दरवाजानं जातात ती रविवारची माणसं. त्यांच्या टोपलीत चरबीतल्या रोट्या, काखेत थर्मास, पोरांच्या हातात फुगे. सेवेरो खांद्यावर खोरं टाकून मागनं शिरायचा, दिवसभर पाण्याच्या मागं फिरायचा आणि मागनंच बाहेर पडायचा. बाग म्हणजे काय, असं कुणी विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं, नऊ कोसांचे पाट, पाणी वळवायची आठशे दारं आणि सांगितलेलं न ऐकणारं पाणी.

आंदीजच्या पायथ्याला सांता रोसेंदा शहर. तिथला उन्हाळा डिसेंबर ते मार्च, हिवाळा जून-जुलैत. तिथं पावसाचे दिवस हाताच्या बोटांवर मोजून बोटं उरतात. डोंगरावरचं बर्फ वितळतं, नदीला येतं, नदीतनं पाटाला, पाटातनं झाडाच्या बुडाशी. बागेतलं एक गवताचं पातंसुद्धा आपल्या मनानं उगवलेलं नाही. सेवेरो पूर्वेकडच्या रेताडातला, शेरडांमागं वाढलेला. एकोणिसाव्या वर्षी इथं आला तेव्हा त्यानं एवढं पाणी एका जागी कधी पाहिलं नव्हतं. पहिल्या दिवशी तळ्याकाठी उकिडवा बसून ओंजळीनं पीतच राहिला, तेव्हा जुन्या पाटकऱ्यानं ढुंगणावर लाथ घातली होती. “पिऊ नकोस, पाज!” म्हणाला होता. पुढं त्याच माणसानं त्याला दारं धरायला शिकवलं. पाणी डोळ्यांनी बघायच्या आधी कानानं ऐकायचं, हेही शिकवलं.

गेल्या ऑगस्टात सेवेरोनं आपलं खोरं वाल्दोच्या हाती दिलं. वाल्दो चाळिशीचा, हाडानं दणकट, पंधरा वर्षं त्याच्याच हाताखाली वाढलेला, त्याला मानानं ‘दॉन’ म्हणणारा. पाटकऱ्यांत एक रीत होती. खोरं दुसऱ्याला दिलं की पुढचा अख्खा उन्हाळा जुन्या माणसानं पाटाकडं फिरकायचं नाही. नाहीतर काय होतं, जुना येऊन काठावर उभा राहतो, बोलत काही नाही, नुसतं ‘हं’ म्हणतो, आणि त्या एका ‘हं’नं नव्या गड्याचा हात लटपटायला लागतो. सेवेरोनं रीत पाळली. ऑगस्ट ते जानेवारी तो परसातल्या द्राक्षाच्या वेलाला पाणी घालत बसला. दिवसातनं चारदा घालायचा. वेल सडायला आला.

जानेवारीच्या शेवटच्या रविवारी ओतिलियाला, त्याच्या बायकोला, अडुसष्टावं लागलं.

“म्हाताऱ्या, आज बागेत जायचं,” ती म्हणाली.

“रीत न्हाई. मार्च सरू दे.”

“रीत पाटाची हाय. मला होडीत बसायचंय. एक्केचाळीस वर्षं तू त्या तळ्यात पाणी भरलंस, मी त्यातल्या होडीत एकदा बसले न्हाई. तळं काय पाट हाय व्हय?”

सेवेरो उठला. इस्त्रीचा शर्ट घातला, रविवारची टोपी चढवली आणि थोरल्या दरवाजातनं दोघं आत शिरली. दरवाजाखालनं जाताना त्यानं उगाच टोपी काढली, देवळात शिरल्यागत. ओतिलिया हसली.

होडी झाली. होडीत बसून हा गडी तळ्यात पाणी पडतं त्या तोंडाकडं बघत बसला. गुलाबांचे ताटवे झाले. तिथं यानं वाकून आळ्यात बोट घातलं.

“वर बघ की रे जरा! फुलं वरच्या बाजूला असतात.”

“बघतोय.”

“तू पाव्हणा हायेस आज. पाव्हण्यासारखा चाल.”

ऊन चढलं तशी तीच म्हणाली, चल, चिनारांच्या सावलीला बसू, रोट्या खाऊ. पश्चिमेच्या रस्त्याला चिनारांची एक रांग होती, बावन्न झाडं, बाग वसवली तेव्हाची. चौघांनी हात धरले तरी बुंधा कवेत मावत नसे. सेवेरोला ती झाडं आकड्यानं पाठ होती. सातव्याला गाठ, एकोणिसावं कललेलं, तेहेतिसाव्याच्या ढोलीत घुबड.

रांगेत शिरली आणि त्याचा पाय थबकला. भर उन्हाळ्यात पायाखाली पाचोळा वाजत होता. त्यानं मोजत पुढं चालायला सुरुवात केली. पहिली वीस हिरवीगार. एकविसाव्यापासनं पान पिवळं. चाळिसाच्या पुढं शेंडे वाळलेले, फांद्यांची टोकं आभाळात खुपसल्यागत. ओतिलिया रोट्यांची टोपली धरून मागं उभी. 

वाल्दोनं लांबनं पाहिलं आणि खोरं खांद्यावर टाकून आला.

“दॉन सेवेरो! मार्च सरला का काय?”

“बायकोचा वाढदिवस हाय.”

“बायको वर बघतीया. तुम्ही पाटात काय बघताय?”

“वाल्दो, ही झाडं तहानल्यात.”

वाल्दोचं हसू मावळलं. “पाणी विसाच्या पुढं जात न्हाई. पाळी दोन तासांची, मी तीन तास धरून बघितलं. गडप हुतंय. बिळं बघितली, एक उंदीर शिल्लक ठेवला न्हाई. बागेची इंजिनीअरबाई म्हणती रोग हाय. मार्चच्या पहिल्या सोमवारी झाडं कापायला आरेवाले येणार. एकविसापासनं बावन्नपर्यंत सगळी खाली. मग नवी रोपं आणि ठिबकच्या नळ्या.”

“बत्तीस झाडं?”

“बत्तीस.”

आणि सेवेरोच्या तोंडातनं निघून गेलं, “तुला दारं धरता येत न्हाई, लेका.”

वाल्दो खोऱ्याच्या दांड्याकडं बघत राहिला, मग वळून चालायला लागला. ती रीत कशापायी घातली होती, ते सेवेरोला तेव्हा कळलं. पण बोललेलं कुठं परत गिळता येतं?

गुरुवारी पश्चिमेच्या पाटाची पाळी असे. सेवेरो सकाळी थोरल्या दरवाजातनंच आला. वाल्दोनं दाराची फळी उचलली, पाणी सोडलं, त्याच्याकडं बघितलं नाही. सेवेरो काठानं पाण्याच्या तोंडाबरोबर चालू लागला. पाण्याचं तोंड म्हणजे पुढं फेस, फेसावर काड्या, काड्यांवर जीव मुठीत धरलेल्या मुंग्या. दहाव्या झाडापर्यंत ते माणसाच्या चालीनं चाललं. पंधराव्याला म्हाताऱ्याच्या चालीनं. अठराव्याला आवाज बदलला. खळखळ गेली आणि सुसू असा बारीक आवाज यायला लागला, तापल्या तव्यावर थेंब पडल्यागत. विसाव्याला पाणी उभं राहिलं. मागनं येतच होतं, पण पुढं जात नव्हतं.

त्यानं बूट काढले, पाटात उतरला आणि कोरड्या भागात तळावर हात फिरवला. गोटे. वाळू. धुतल्यासारखे स्वच्छ गोटे. बोटाला गाळाचा डाग लागला नाही.

तो तिथंच पाटात खाली बसला.

पाटाच्या तळाला वर्षानुवर्षं गाळाचा एक लेप धरतो. बोटभर जाडीचा, लोण्यासारखा गुळगुळीत. पाटकरी त्याला साय म्हणत. साय असली की पाणी वरनं घसरत जातं, साय नसली की खालचे गोटे सगळं पिऊन टाकतात. हिवाळ्यात पाणी बंद करून पाट साफ करतात तेव्हा पानं काढायची, वरचा चिखल काढायचा आणि साय दिसली की फावडं थांबवायचं. हे सेवेरोला कुणी सांगायला नको होतं. तोच चाळीस वर्षं दुसऱ्यांना सांगत होता.

आणि गेल्या जुलैत, त्याच्या शेवटच्या साफसफाईला, त्यानंच बारा माणसांना अकरा दिवस या पाटात उभं केलं होतं. आपल्यामागं कुणी म्हणू नये की सेवेरो घाण ठेवून गेला. वाल्दोनं विचारलंही होतं, “दॉन सेवेरो, किती खाली जायचं?” आणि हा म्हणाला होता, “तळ चमकला पायजे. ताटासारखा.” तळ चमकला. कचेरीतल्या माणसानं फोटो काढला, चमकत्या पाटात उभा सेवेरो, हातात टोपी. फोटो इंजिनीअरबाईंच्या खोलीत भिंतीवर लागला. त्याला तो आवडलाही होता.

घरी ओतिलियानं मसूर आणि डुकराच्या मसालेदार मांसाचं चोरिसो रांधलं होतं. त्यानं सगळं सांगितलं, चमचा न उचलता.

तिनं वाटी त्याच्यापुढं सरकवली. मग म्हणाली, “बाई रोग म्हणतीया. रोगच म्हणू दे. कुणाला कळतंय?”

“मला.”

“लोक हसतील. एक्केचाळीस वर्षं दारं धरली आणि जाताना बत्तीस झाडं मारली म्हणतील.”

“म्हणू देत.”

“मग गप न्हाई बसणार?”

“न्हाई.”

“तर जेवून घे. रिकाम्या पोटानं असलं काय कबूल करायला जाऊ नये.”

तो जेवला. दुसऱ्या दिवशी आधी मागच्या वाटेनं वाल्दोकडं गेला. अवजारांच्या खोलीत सगळी टोळी येर्बाच्या पानांचा कडू चहा पीत बसली होती, पोकळ भोपळ्याचा एकच पेला हातोहात फिरत होता.

“तुला दारं धरता येतात,” सेवेरो सगळ्यांसमोर म्हणाला. “साय मी खरवडली. तू विचारलंवतंस, मी ऐकलं न्हाई.”

कुणीतरी मागनं म्हणालं, “मग फोटोला हार घालायचा का आता?” आणि टोळी खिदळली. सेवेरो उभा राहिला. हसून झाल्यावर वाल्दोनं भोपळा भरला आणि त्याच्यापुढं धरला. तो त्यानं घेतला. बोलणं तिथं मिटलं.

इंजिनीअरबाई साराते तिशीपलीकडच्या, राजधानीतनं शिकून आलेल्या. बोलणं नीट, कुणाला तोडून न बोलणारं. सेवेरोनं त्यांच्या खोलीत जाऊन तेच सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं आणि पेन खाली ठेवलं.

“दॉन सेवेरो, वाल्दोला वाचवायला तर हे सांगत नाही ना तुम्ही?”

सेवेरोनं भिंतीवरला फोटो खिळ्यावरनं काढला आणि त्यांच्यापुढं टेबलावर ठेवला. “हे गोटे बघा. पाटात गोटे दिसले तर पाटकऱ्याला हाकलून द्यावं. मी त्यांच्यावर उभा राहून दात काढतोय.”

बाईंनी फोटो जवळ ओढला. “माझे दोन तज्ज्ञ बुरशी म्हणाले.”

“बुरशी आसंल की. तहानलेल्या झाडाला कायबी हुतंय.”

“बरं. इलाज काय?”

“गढूळ पाणी. डोंगरात गारा पडल्या की नदी तांबडी हुती, ती पाटात घ्यायची. गाळ बसला की साय धरती.”

“गढूळ पाणी आलं की सगळी दारं पाडायची, हा नियम मला तुम्हीच शिकवलात. माझ्या नळ्या तुंबतील. तळं भरेल.”

“नियम बराबर हाय. पश्चिमेचं दार तळ्याच्या वर, येगळं हाय. तेवढंच उघडायचं. बाकीची सगळी बंद.”

बाई उठून खिडकीशी गेल्या. परत आल्या तेव्हा त्यांचं ठरलेलं होतं. “आरेवाले मी परत पाठवणार नाही. एकदा परत पाठवले की पुढच्या वर्षापर्यंत येत नाहीत, आणि वाळलेली फांदी कुणाच्या तरी डोक्यात पडेल. पण त्याआधीच्या गुरुवारच्या पाळीला, स्वच्छ पाण्यानं, पाणी जिथवर जाईल तिथवरची झाडं राहतील. त्यापुढची जातील. चालेल?”

“चालंल,” सेवेरो म्हणाला. चालण्यासारखं नव्हतं, पण दुसरं काही मिळणारही नव्हतं. हातात चार आठवडे होते.

आणि आभाळ काचेसारखं कोरडं. दुपारी डोंगरावर ढग जमायचे, सेवेरो दारात उभा राहून त्यांना शिव्या घालायचा, आणि ते पांगायचे. पहिला आठवडा गेला. मग त्यानं वाट बघणं सोडून दिलं. नदीचं पाणी बागेत शिरतं तिथं वाळू-गाळ बसायला एक खड्डा होता. त्यातला मऊ गाळ काढायचा आणि पाटात नेऊन हातानं लिंपायचा, असं ठरवलं. पण पाव्हण्यांनी अवजारं आत आणायची नाहीत असा नियम, आणि सेवेरो आता पाव्हणाच. दरवाजावरच्या पहारेकऱ्यानं फावडं ठेवून घेतलं. दुसऱ्या दिवशी ओतिलिया धुण्याचं घमेलं घेऊन बरोबर आली.

“हे अवजार आहे, आजी.”

“हे भांडं हाय. ह्यात माझ्या सहा लेकरांच्या आंघोळी झाल्यात. तुझ्या आईनं तुला कशात घातलीवती, खोऱ्यात?”

पहारेकरी बाजूला झाला.

रोज सकाळी नऊ ते बारा. घमेल्यानं गाळ आणायचा, पाटात ओतायचा, अनवाणी तुडवायचा, तळहातानं सारवायचा. रविवारची माणसं काठावर उभी राहून बघायची. एक जण म्हणाला, “आजोबा, मातीचं घर बांधताय काय?” सेवेरो मान वर न करता म्हणाला, “तुझ्या बसायच्या सावलीचं छप्पर सारवतोय. ये खाली, पाय घाण कर.” तो आला नाही. पण दुसरे दोघं आले, बूट काढून, आणि दुपारपर्यंत तुडवत राहिले. अशानं शेवटाकडचा, दहा झाडांएवढा पाट झाला. गाळ वाळून तडकू नये म्हणून ओतिलिया बटाट्याची जुनी पोती भिजवून वर अंथरायची.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात डोंगरात विजा झाल्या. सकाळी नदी दुधातल्या चॉकलेटसारखी झालेली. बागेत घंटा वाजली, सगळीकडं फळ्या धडाधड पडल्या. पश्चिमेला मात्र वाल्दोनं फळी उचलली. जाड, जड, आवाज नसलेलं पाणी. सेवेरो पाटात, पाण्याच्या तोंडापुढं पाठमोरा चालत होता. जिथं सुसू ऐकू येई तिथं टाच मारून चिखल दाबायचा. पाणी एकोणतिसाव्या झाडापर्यंत आलं. तिथं ते थोपवून मुरू दिलं. दुसऱ्या दिवशी छत्तीस.

दहा दिवसांनी पुन्हा गढूळ आलं. त्रेचाळीस. सेवेरोच्या पायांना भेगा पडल्या, त्यात चिखल भरून त्या बुजल्या. ओतिलिया म्हणाली, “पाटाबरोबर तुझीबी साय धरली.”

मग नदी निवळली आणि निवळीच राहिली.

शेवटच्या गुरुवारी स्वच्छ पाण्याची पाळी. सगळी टोळी आली, इंजिनीअरबाई छत्री घेऊन आल्या. वाल्दोनं फळी उचलली. पाणी निघालं. वीस पार झालं तेव्हा कुणीतरी टाळी वाजवली, सेवेरोनं त्याच्याकडं असं बघितलं की दुसरी वाजली नाही. तीस. चाळीस. त्रेचाळिसाला चाल मंदावली. इथनं पुढं नुसतं हातानं सारवलेलं होतं, गढूळ पोचलं नव्हतं. सत्तेचाळीस. एकोणपन्नासाव्या झाडाच्या आळ्यात पाणी शिरलं, गोल फिरलं आणि फेस तिथंच घुटमळला.

पाळी सरायला सात मिनिटं होती. वाल्दोनं झाडू उचलला. “ढकलतो पुढं! तीनच झाडं हायती!”

“ठेव खाली,” सेवेरो म्हणाला.

“अवो, तीनच—”

“ढकलल्यालं पाणी पोचल्यालं न्हवं. उद्या तू रोज ढकलत बसणार हायेस काय?”

सात मिनिटं सगळे उभे राहिले. फेस हलला नाही. वाल्दोनं फळी पाडली. इंजिनीअरबाई पन्नासाव्या झाडापाशी गेल्या आणि त्यावर, मग पुढच्या दोघांवर, तांबड्या खडूनं फुली मारली. येताना सेवेरोपाशी थांबल्या.  त्यानं टोपीला हात लावला.

सोमवारी आरेवाले आले. ओतिलिया म्हणाली, कशाला जातोस. तो गेला. पन्नासावं पडताना बघितलं, एक्कावन्नावं बघितलं. बावन्नाव्याला यंत्र अडलं, तासभर लागला, तेवढा वेळही उभा राहिला. मग हात मागं बांधून एकोणपन्नासाव्यापाशी आला आणि आळ्याची ढासळलेली कड पायानं नीट केली.

जुलै आला. पाणी बंद झालं, पाट कोरडे पडले, टोळी फावडी घेऊन पश्चिमेच्या पाटात उतरली. सेवेरो थोरल्या दरवाजातनं आला, लोकरीची टोपी कानांवर ओढून, आणि पहिल्या चिनाराशी पाटाच्या काठावर बसला. दोन्ही पाय आत सोडले. टाचा सायीवर टेकल्या.

“हितवर,” तो म्हणाला. “माझ्या टाचा टेकल्यात तिथवर. त्याच्या खाली ज्याचं फावडं जाईल, त्यानं आधी माझी टाच तोडायची.”

“तोडत न्हाई, दॉन सेवेरो,” वाल्दो खालनं म्हणाला, “पर जरा सरका की. पानं तुमच्या बुडाखाली हायती.”

म्हातारा उठला, बूड झाडलं आणि दुसऱ्या चिनाराशी जाऊन तसाच पाय सोडून बसला.